लेन्समध्ये धूळ दिसतीय? थांबा, लगेच खोलायला देऊ नका

पहिलं सांगतो ते हे की रात्री अकरा वाजता मोबाईलचा टॉर्च लावून लेन्सच्या आत बघत बसू नका. मी बसलो होतो. मामाची जुनी निकॉनची लेन्स, निकॉर ५०एमएम एफ/१.८, माझ्याकडं आली तेव्हाची गोष्ट, मामाचा सांगलीत स्टुडिओ होता, आता बंद केलाय, कपाट रिकामं करताना म्हणला घेऊन जा तुला लागतीय तर. घरी आणली, टॉर्च मारला आणि आत तीन मोठे कण आणि बारीक पिठासारखं कायतरी पसरलेलं दिसलं. झोप उडाली राव. दुसऱ्या दिवशी मामाला फोन करून सांगितलं तर तो हसायलाच लागला, "अरे त्यातनं मी पाचशे लग्नं काढली, तुला आत्ता धूळ दिसली होय?"

तेव्हाच गप्प बसायचं होतं. पण नाही, मी ती एका रिपेअरवाल्याकडं पाठवली, दीड हजार दिले, पंधरा दिवसांनी लेन्स आली, आतून लखलखीत, टॉर्च मारला तरी एक कण दिसेना. मग हरिपूरला संगमावर गेलो, पलीकडच्या काठावरची झाडं काढायला फोकस रिंग पूर्ण फिरवली, इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसच्या खुणेला, जाऊन अडकली, आणि झाडं काय शार्प होईनात. फोकस इन्फिनिटीच्या अलीकडंच संपत होता. शिवाय फोटोची डावी बाजू मऊ आणि उजवी चांगली, म्हणजे आतली एखादी काच, एलिमेंट म्हणतात तिला, बसवताना तिरकी बसली होती. धूळ गेली आणि लेन्स पण गेली. परत पाठवली, परत पैसे, आता ठीक आहे पण पहिल्यासारखी आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

म्हणून हे लिहितोय. ज्यांच्याकडं वडिलांची, काकांची, मामाची जुनी लेन्स आलीय किंवा ज्यांनी ऑनलाइन सेकंडहँड घेतलीय आणि आत धूळ बघून पोटात गोळा आलाय त्यांच्यासाठी.

धूळ फोटोत का येत नाही

आपल्याकडं खिडक्यांना डासांची जाळी असते. जाळीला नाक लावून बाहेर बघा, रस्ता दिसतो, जाळी दिसतच नाही. मागं सरकून जाळीकडंच बघितलं की मग एकेक तार दिसते. लेन्समधल्या धुळीचं तेच आहे, कॅमेरा फोकस करतोय लांबच्या माणसावर आणि धूळ बसलीय काचेवर, सेन्सरच्या दृष्टीनं ती इतकी आऊट ऑफ फोकस असते की तिचा कण म्हणून काय आकारच राहत नाही, नुसता थोडासा प्रकाश अडतो, तो पण फोटोभर पसरून.

किती अडतो ते पण बघा, गणित सोपं आहे. ५०एमएम लेन्स एफ/१.८ ला म्हणजे प्रकाश आत यायची वाट ५० भागिले १.८, साधारण २८ मिलिमीटर व्यासाची. तिचं क्षेत्रफळ येतं ६०० चौरस मिलिमीटरच्या आसपास. डोळ्याला सहज दिसणारा ०.२ मिलिमीटरचा कण घेतला तर त्याचं क्षेत्रफळ ०.०३ चौरस मिलिमीटर. म्हणजे १९ हजारातला एक हिस्सा प्रकाश अडला. असे वीस कण असले तरी हजारातला एक. एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश, त्याच्यापुढं हे म्हणजे उसाच्या ट्रॉलीतनं एक कांडं पडल्यासारखं, काट्यावर कळणार पण नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. तीच लेन्स एफ/१६ ला नेली की वाट होते फक्त ३ मिलिमीटरची, मग तोच कण अडीचशेतला एक भाग अडवतो, आणि तो जर सगळ्यात मागच्या काचेवर, म्हणजे सेन्सरच्या बाजूला असेल तर पुसटसा डाग दिसू शकतो. वाइड लेन्सला जरा जास्त. म्हणून लक्षात ठेवायचं ते एवढंच की पुढच्या काचेवरची घाण त्रास देत नाही, मागच्या काचेवरची देऊ शकते. लोक बरोबर उलटं करतात, पुढची काच दिवसातनं चार वेळा पुसतात आणि मागच्या काचेवर बोटाचा ठसा घेऊन वर्षभर फिरतात.

आणि सूर्य किंवा हॅलोजन थेट लेन्सवर आला तर भरपूर धूळ असलेली लेन्स थोडा जास्त फ्लेअर, म्हणजे फोटोवर उजेडाचा पांढुरका पडदा, देते, ते खरं आहे. भरपूर म्हणजे खरंच भरपूर, तीन कण नव्हे.

आत बघायचं कसं

लेन्स बॉडीवरनं काढा. अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत यायची वाट, ती पूर्ण उघडी पाहिजे, जुन्या लेन्सला रिंग असते ती एफ/१.८ किंवा जो सगळ्यात लहान आकडा असेल त्याच्यावर ठेवा. एम४२ वाल्या, म्हणजे आट्यानं बॉडीला बसणाऱ्या जुन्या, बऱ्याच लेन्सना ऑटो-मॅन्युअल असा खटका असतो, तो मॅन्युअलवर करा. निकॉनच्या रिंग नसलेल्या 'जी' (G) प्रकारच्या लेन्स काढल्या की वाट लहान-मोठी करणारी ब्लेड मिटलेली असतात, मागची छोटी पट्टी अलगद सरकवून धरावी लागते. कॅननच्या ईएफ लेन्स काढल्यावर उघड्याच राहतात, तिथं काय करायला नको.

आधी साध्या उजेडात बघायचं. पांढऱ्या भिंतीकडं किंवा ट्यूबलाइटकडं लेन्स धरून मागनं बघा. सूर्याकडं धरून अजिबात बघू नका, डोळा जाईल, हे गमतीनं सांगत नाहीये. या साध्या उजेडात जे दिसतं ते खरं. मग हवं असेल तर टॉर्च घ्या, पण सरळ नाही, मागनं तिरका मारायचा आणि पुढनं बघायचं, लेन्स हळूहळू फिरवत. तिरक्या उजेडात डब्यातनं काढलेल्या कोऱ्या लेन्समध्ये पण कण दिसतात, कारखान्यातच दोन-चार राहतात, त्यामुळं टॉर्चमध्ये दिसलं म्हणजे बिघडलं असं नसतं. टॉर्च धुळीसाठी नाहीच मुळी, तो दुसऱ्या गोष्टींसाठी आहे.

त्या दुसऱ्या गोष्टी नीट ओळखायला शिका, सगळा खेळ इथं आहे.

सुटे सुटे ठिपके, कडा स्पष्ट, ती धूळ. सोडून द्या. कधी कधी काळे चपटे तुकडे दिसतात, तो आतल्या बाजूला मारलेला काळा रंग सुटलेला असतो, तो पण सोडून द्या. जुन्या काचेत एखादा बारीक गोल बुडबुडा असतो, तो काच ओततानाचाच, जन्मखूण समजा.

धागे, कोळ्याचं जाळं किंवा फांद्या फुटल्यासारखी नक्षी, बहुतेक वेळा कडेकडनं आत येणारी, ती फंगस. हिला सोडायचं नाही. फंगस वाढताना आम्ल सोडते आणि ते काचेवरचं कोटिंग, म्हणजे वर दिलेला पातळ थर, खातं, एकदा खाल्लं की पुसून फंगस जाते पण तिच्या मुळांची खूण काचेवर राहते.

काचेवर कुणी तोंडानं श्वास सोडल्यासारखी एकसारखी दुधी वाफ, बोटानं पुसली तर जाईल असं वाटतं पण ती आतल्या काचेवर असते, तो हेझ. बहुतेक वेळा फोकस रिंगच्या आतलं ग्रीस वर्षानुवर्षं उडून काचेवर बसल्यामुळं होतो. हा फोटोला खरा मारतो, काळं काळं राहत नाही, राखाडी होतं.

अ‍ॅपर्चरच्या ब्लेडवर तेलकट चकाकी दिसली तर रिंग फिरवून बघा, पट्टी दाबून सोडून बघा, ब्लेड चटकन मिटतात का. चटकन मिटत असतील तर चालू द्या. रेंगाळत असतील तर एसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, वाट लहान करून काढलेला फोटो ओव्हरएक्स्पोज, म्हणजे नको इतका उजळ, येणार, कारण शटर उघडेपर्यंत ब्लेड जागेवर पोचलेलीच नसतात.

काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा तेलाचा थेंब पसरल्यासारखं दिसत असेल तर दोन काचा चिकटवलेला जोड सुटायला लागलाय. जुन्या काळी हे जोड कॅनडा बाल्समनं, म्हणजे एका झाडाच्या राळेनं चिकटवायचे. हे साफ करून जात नाही, साफ करून देतो म्हणणाऱ्याला लेन्स देऊ नका.

अजून एक गंमत, आमच्या सांगलीकरांसाठी खास. एका मित्रानं ऑनलाइन सुपर ताकुमार ५०एमएम एफ/१.४ घेतली, काच पिवळी. मार्केट यार्डात हळदीचे फोटो काढायला नेली होती म्हणून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की हळद आत गेली. हळद नव्हती. त्या लेन्सच्या बऱ्याच नगांच्या काचेत थोरियम घातलेलं असतं आणि वर्षं गेली की अशी काच आपोआप पिवळी पडते, कापडानं पुसून ती जात नसते. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात काही दिवस ठेवली की बऱ्यापैकी उतरते. उन्हात ठेवणार असाल तर एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा आणि लक्ष ठेवा, भिंग आहे ते, खाली पडदा-चादर असली तर जाळून ठेवेल.

फोटो काढून बघा, मग बोला

डोळ्यानं बघून घाबरायचं आणि फोटो काढून निर्णय घ्यायचा. चार फोटो पुरतात.

एक, रिकामं आकाश किंवा पांढरी भिंत, एफ/१६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून. त्यात काळे ठिपके दिसले तर लगेच लेन्सला शिव्या देऊ नका. दुसरी लेन्स लावून तोच फोटो काढा. ठिपके त्याच जागी असतील तर धूळ सेन्सरवर आहे. डिजिटलवाल्यांची निम्मी भीती इथंच संपते, कारण सेन्सरवरची धूळ छोट्या अ‍ॅपर्चरला कडक काळा ठिपका देते आणि लोकांना वाटतं लेन्स खराब. मी पण आधी याच ठिपक्यांवरनं लेन्सला दोष दिला होता हे आता लाजत सांगतो. मामाच्या लेन्सच्या ज्या तीन कणांसाठी मी दीड हजार घातले ते फोटोत कधी नव्हतेच, फोटोत होते ते माझ्याच बॉडीच्या सेन्सरवरचे दोन, जे ब्लोअरच्या चार फुंकरीत गेले.

दुसरा, खिडकीसमोर माणूस बसवा, मागनं उजेड, चेहरा अंधारात. तोच फोटो तुमच्या दुसऱ्या, चांगल्या माहितीतल्या लेन्सनं त्याच सेटिंगवर काढा. शेजारी शेजारी ठेवून केस, काळा शर्ट, खुर्चीची सावली असले काळे भाग बघा. जुन्या सिंगल कोटिंगच्या लेन्समध्ये थोडा फरक असणारच, ते चालतं. पण काळ्यावर दुधाची साय आल्यासारखं दिसत असेल तर हेझ आहे, आणि तेव्हा पैसे घालायला हरकत नाही.

तिसरा रात्रीचा, सांगली-मिरज रस्त्यावर कुठंही थांबा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फोकस जवळ आणून लांबचे दिवे गोल गोल करा. त्या गोळ्यांमध्ये लेन्समधला कण न् कण दिसेल, ठिपके, धागे, सगळं. जाळीकडंच बघितल्यासारखं. तुम्ही जर असलेच गोळेवाले फोटो काढत असाल, हेलिओस ४४-२ ही जुनी लेन्स घेऊन फिरणारी बरीच पोरं असतात तशी, तर तुम्हाला धूळ थोडी खटकेल. बाकीच्यांना नाही.

चौथा फोटो विटांच्या भिंतीचा, समोरासमोर उभं राहून, ट्रायपॉडवर, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, आणि एक लांबच्या डोंगराचा किंवा टॉवरचा, रिंग इन्फिनिटीला टेकवून. हे आत्ता कशाला म्हणाल, पुढं सांगतो. एवढंच करा की हे फोटो जपून ठेवा.

मग पैसे कधी घालायचे

नुसती धूळ असेल तर नाही. कितीही दिसू दे, फोटोत नाही तर नाही. आणि झूम लेन्स असेल तर अजिबातच नाही, कारण झूम पुढंमागं होताना नळी लांब होते आणि फटींतनं हवा आत ओढली जाते, भात्यासारखं. छोटी १८-५५ असो की नळी हातानं पुढंमागं ओढायची मोठी पुशपुल झूम, आज साफ केली की दोन उन्हाळ्यांत परत तेवढीच. आमच्याकडं तर हळदीचा सीझन असला की यार्डात पॉलिशच्या ड्रमजवळ दहा मिनिटं उभं राहिलं तरी कॅमेऱ्यावर पिवळा थर, ते थांबवणार कसं.

घालायचे ते फंगस नवीन असेल, हेझ असेल, ब्लेड चिकटत असतील किंवा फोकस रिंग इतकी जड झाली असेल की माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते ती जागा, फिरायला लागतंय. अशा वेळी लेन्स खोलायचीच असते, धूळ त्याच्यात आपोआप निघते. वेगळे पैसे धुळीसाठी नाही.

खरोखर फायदा झालेलं उदाहरण पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता भीती घालतोय. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात मित्राचं गावभागातलं घर पाण्यात होतं. कॅमेऱ्याची बॅग माळ्यावर होती, तिला पाणी लागलं नाही. पण घर महिनाभर ओलं, लाइट नाही, भिंतीला पोपडे, आणि बाकी संसार वाचवायच्या नादात बॅग उघडायला दिवाळी उजाडली. त्याच्या १३५एमएम मध्ये मागच्या काचांच्या गटातल्या आतल्या काचेवर धागे आणि सगळीकडं दुधी पडदा. फोटो काढला की समोर धुकं पडल्यासारखा. त्यानं ती एका जाणकार माणसाकडं दिली, त्यानं आधीच सांगितलं की फंगस जाईल, खूण राहील, घ्या नाहीतर सोडा. लेन्स आली, टॉर्चमध्ये बघितलं तर फांदीची पुसट खूण आहे, फोटोत काय नाही, काळं परत काळं झालं. तिथं पैसे वसूल झाले. त्याच बॅगेत एक किट लेन्स होती, तिच्यात पण फंगस, तिचं काय केलं नाही, कारण साफ करायच्या खर्चात तसलीच दुसरी सेकंडहँड मिळत होती. हा हिशोब आधी करा. मामाची असेल तर गोष्ट वेगळी, तिथं हिशोब चालत नाही, पण निदान आपण हिशोबाबाहेर चाललोय हे माहीत असू दे.

पुराच्या पाण्यात बुडालेली लेन्स मात्र वेगळी, तिच्यात गाळ जातो, स्क्रू गंजतात, तिची आशा धरू नका.

द्यायच्या आधी काय विचारायचं

ज्याच्याकडं देताय त्याला विचारा की हीच किंवा असली लेन्स आधी खोललीय का. खोललेला माणूस लगेच सांगतो, हिचा मागचा गट अख्खा निघतो किंवा हिला पुढनं जावं लागतं, असलं कायतरी. जो नुसतं "होतंय की, ठेवून जावा" म्हणतो त्याच्याकडनं हळूच लेन्स परत घ्या.

मग विचारा की काढायच्या आधी खुणा करता का. फोकसचे आटे, हेलिकॉइड म्हणतात त्याला, कुठं सुटले तिथंच परत लागले पाहिजेत, त्याला अनेक तोंडं असतात, चुकीच्या तोंडानं लावलं की रिंग फिरते मस्त पण इन्फिनिटी जाते. माझ्या लेन्सचं हेच झालं होतं बहुतेक. काही लेन्समध्ये काचेखाली कागदासारख्या पातळ चकत्या असतात, अंतर जुळवायला, त्या हरवल्या की संपलं. आणि शेवटी इन्फिनिटी तपासून देणार का, हे विचारा. नुसतं "साफ करून देतो" आणि "साफ करून, तपासून देतो" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ते मगाचे विटांच्या भिंतीचे आणि डोंगराचे फोटो आता कामाला येतात. लेन्स परत आली की त्याच जागी उभं राहून परत काढा, चारी कोपरे जुन्या फोटोशी ताडून बघा. एक बाजू मऊ दिसली तर त्याच दिवशी परत न्या, दोन महिन्यांनी गेलात तर तो म्हणणार तुम्हीच पाडली असंल. सीरियल नंबरचा फोटो पण काढून ठेवा, बऱ्याच जुन्या लेन्सना तो पुढच्या रिंगवर असतो. माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं, म्हणून भांडताना तोंडघशी पडलो.

घरी काय करायचं आणि काय नाही

बाहेरच्या दोन काचा आणि बॉडीतला सेन्सर, एवढीच आपली हद्द. आधी रबरी ब्लोअर, लेन्स खाली तोंड करून, म्हणजे उडालेलं खाली पडतं. मग मऊ ब्रश. एवढ्यानं भागतं बहुतेक वेळा. ठसा असेल तर लेन्स टिश्यू किंवा धुतलेलं मायक्रोफायबर, त्याच्यावर एक थेंब लेन्सचं लिक्विड किंवा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, थेंब कापडावर टाकायचा, काचेवर नाही, नाहीतर तो कडेनं आत झिरपतो. मधनं बाहेर गोल गोल, दाब न देता.

शर्टाचं टोक, बनियन, टॉवेल नको. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो. कॅनमधली हवा नको, तिरपी धरली की थंडगार द्रव बाहेर येतो आणि काचेवर बसतो. आणि धूळ न उडवता कोरडं पुसणं तर अजिबात नको, कारण तुम्ही पुसताय ती काच नसतेच, वरचं कोटिंग असतं. हे कोटिंग १९३५ मध्ये झाइसच्या स्माकुलानं काढलं, आणि जुन्या सिंगल कोटिंगचा थर असतो साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, दोन-चार वेळा घासलं की तेवढ्या थराचं काय होणार. जुन्या लेन्सवर पुढं गोल गोल बारीक ओरखडे दिसतात ना, ते धुळीनं नाही, साफसफाईनं आलेले असतात.

सेन्सरसाठी कॅमेऱ्याच्या मेनूतलं क्लीनिंग चालू करा, ते नाही पुरलं तर मिरर वर उचलायचा पर्याय असतो तो घ्या, बॅटरी भरलेली पाहिजे, बॉडी खाली तोंड करून ब्लोअरनं चार फुंकरी, नळीचं टोक आत घालायचं नाही. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते.

यूट्यूब बघून स्वतः लेन्स खोलायचा नाद लागला असेल तर मी अडवणार नाही, मला पण लागला होता. फक्त पहिली लेन्स भंगारातली घ्या. आणि साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका, जपानी लेन्सचे स्क्रू दिसायला तसेच असतात पण ते जेआयएस म्हणून वेगळ्या मापाचे, साध्या फिलिप्सनं डोकं घासतं आणि मग तो स्क्रू निघत पण नाही, बसत पण नाही. प्रत्येक पायरीला मोबाईलनं फोटो, खाली पांढरं ताट, पंखा बंद. पंखा बंद करायचा विसरलो होतो, एक स्प्रिंग अजून सापडली नाही.

ठेवायचं कुठं

धुळीपेक्षा दमट हवेची काळजी घ्या, आणि इथं सांगलीत दोन्ही आहेत, मार्चला धूळ आणि जुलैला ओल. चामड्याच्या जुन्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं, फंगसला घरच दिल्यासारखं. कपड्यांच्या कपाटात तर नकोच, आणि डांबरगोळ्या जवळ नकोत, निकॉनच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की नॅप्थलीन-कापराच्या गोळ्यांजवळ ठेवू नका. एका लेन्सची फंगस दुसरीला लागते म्हणून लोक वेगळ्या खोलीत ठेवतात, त्याचं एवढं नाही, बीज हवेत सगळीकडंच असतं, ओल मिळाली की उगवतं.

ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर चांगलंच. नाहीतर रबराच्या कडेचा, झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असू दे, ६० च्या वर जायला लागला की जेल बदला. अगदी कोरडंठाक पण करू नका, ग्रीस आणि रबराला ते मानवत नाही. निळं जेल असेल तर ओल पिऊन गुलाबी होतं, मग कढईत मंद आचेवर परत निळं होईस्तोवर भाजायचं. ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आमच्या घरात त्या कढईवर मार्करनं "कॅमेरा" असं लिहिलंय आणि आईनं ती वापरायची नाही म्हणून गॅलरीत टांगून ठेवलीय. दर आठ-पंधरा दिवसांनी डबा उघडून लेन्स बाहेर काढा, रिंगा फिरवा, दोन फोटो काढा. मामाची पण त्यातच आहे, आणि दुरुस्तीनंतर दोन कण परत आलेत आत, एक मागच्या बाजूला, मागच्या आठवड्यात बघितलं.